शालियाख

शालियाख (अनेकवचन: श्लिखीम, स्त्रीलिंगी: श्लिखा) म्हणजे इस्रायलबाहेरील एखाद्या ज्यू समाजात ठरावीक काळ राहून त्या समाजाचा इस्रायलमधील लोकांशी संबंध जोडणारा व टिकवणारा प्रतिनिधी होय. या कार्यास हिब्रू भाषेत 'श्लिखूत' असे म्हणतात. आधुनिक काळात बहुतेक श्लिखीमची निवड, प्रशिक्षण व नेमणूक ज्यू एजन्सी ही संस्था करते. जागतिक झायोनिस्ट संघटना, युवक चळवळी व काही धार्मिक संस्थाही आपापले प्रतिनिधी पाठवतात. शालियाख हा राजनैतिक अधिकारी नसतो. दूतावास एका शासनाचा दुसऱ्या शासनाशी संबंध सांभाळतो, तर शालियाखचे कार्यक्षेत्र शाळा, प्रार्थनामंदिर, समाजकेंद्र, विद्यापीठ आणि घर हे असते.

जगातील ज्यू लोकसंख्या सुमारे दीड कोटी असून तिच्यापैकी जवळपास निम्मे लोक इस्रायलमध्ये राहतात. उर्वरित समाज अमेरिकेची संयुक्त संस्थाने, फ्रान्स, कॅनडा, ब्रिटन, अर्जेंटिना, रशिया इत्यादी देशांत विखुरलेला आहे. भाषा, धर्माचरणाची पद्धत व राजकीय अनुभव या तिन्ही बाबतींत या दोन भागांत मोठे अंतर आहे. ते अंतर कमी करणे हे शालियाखचे काम मानले जाते. मात्र कोणाला कोणाच्या जवळ आणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले आहे.

शब्दाचा अर्थ

'शालियाख' हा शब्द 'पाठवणे' या अर्थाच्या हिब्रू धातूपासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ 'पाठवलेला', म्हणजेच दूत किंवा मुखत्यार, असा होतो. ज्यू धर्मशास्त्रात मुखत्यारीची संकल्पना फार जुनी आहे. योग्य रीतीने नेमलेल्या मुखत्याराने केलेली कृती ही नेमणाऱ्यानेच केली असे धर्मशास्त्र मानते. विवाह, घटस्फोट व व्यवहार यांविषयीच्या नियमांत या तत्त्वाचा वापर होतो. प्रार्थनामंदिरात समाजाच्या वतीने प्रार्थना म्हणणाऱ्यासही 'शालियाख त्सिबूर', म्हणजे समुदायाचा प्रतिनिधी, असे म्हणतात. आधुनिक शालियाखला हे नाव देताना, तो स्वतःपुरता नसून कोणाच्या तरी वतीने आलेला आहे, ही जाणीव त्यात अभिप्रेत असते.

इतिहास

जुनी परंपरा

मध्ययुगापासून जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद व तिबेरियास या चार पवित्र नगरांतील ज्यू समाज आपले दूत परदेशी पाठवीत असत. तेथील विद्वान व निर्धन कुटुंबांच्या निर्वाहासाठी निधी जमवणे हा या प्रवासाचा हेतू असे. दूत धर्मप्रश्नांची उत्तरे देत, हस्तलिखिते पाहत आणि एका देशातील ज्यू समाजाची वार्ता दुसऱ्या देशात पोचवीत. जेरुसलेममध्ये जन्मलेले रब्बी हायिम योसेफ डेव्हिड अझुलाई (१७२४–१८०६) यांनी १८व्या शतकात हेब्रॉनच्या समाजासाठी युरोप व उत्तर आफ्रिकेत केलेले प्रवास प्रसिद्ध आहेत. त्यांची प्रवासदैनंदिनी त्या काळच्या ज्यू जीवनाचे महत्त्वाचे साधन मानली जाते.

१९व्या शतकात जेरुसलेमचे याकोव्ह सफीर हे याच हेतूने इजिप्त, येमेन, भारत व ऑस्ट्रेलिया येथपर्यंत गेले. त्यांच्या प्रवासवर्णनात भारतातील ज्यू समाजांचीही माहिती आहे. निधीसाठी निघालेला दूत असा अनेकदा अभ्यासक व बातमीदारही ठरत असे.

झायोनिस्ट कालखंड

आधुनिक झायोनिस्ट चळवळीबरोबर दूताचे काम बदलले. निधिसंकलनाच्या जोडीला लोकांना पॅलेस्टाइनमध्ये येऊन स्थायिक होण्यास प्रवृत्त करणे हे उद्दिष्ट आले. या स्थलांतरास 'आलिया', म्हणजे आरोहण, असे म्हणतात. १९११ मध्ये श्मुएल यावनेली यांना येमेनला पाठवण्यात आले. धार्मिक प्रश्नांची चौकशी करण्यासाठी आल्याचे सांगून ते गावोगाव फिरले आणि त्यांच्या प्रयत्नांनंतर हजाराहून अधिक येमेनी ज्यू पॅलेस्टाइनमध्ये आले. नवागतांना तेथे मिळालेली शेतमजुरी, अपुरी घरे व दुय्यम वागणूक यांमुळे या मोहिमेविषयी पुढे कठोर प्रश्न विचारले गेले. दूताने दिलेली आशा आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांमधील तफावत हा प्रश्न श्लिखूतच्या इतिहासात वारंवार येतो.

१९२९ मध्ये ज्यू एजन्सीची स्थापना झाली. हिब्रूत तिला 'सोख्नूत' म्हणतात. १९३० च्या दशकात तिचे व युवक चळवळींचे प्रतिनिधी युरोपात कार्य करू लागले. रोममध्ये जन्मलेले एन्झो सेरेनी (१९०५–१९४४) हे या पिढीतील ठळक नाव होय. नाझी राजवटीच्या उदयाच्या काळात त्यांनी जर्मनीतील तरुणांमध्ये काम केले. १९४२ मध्ये ते इराकला गेले. १९४४ मध्ये ते हवाई छत्रीने इटलीत शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात उतरले, पकडले गेले आणि डाखाउ येथील छळछावणीत मारले गेले. त्याच वर्षी हंगेरीत पकडली गेलेली कवयित्री हन्ना सेनेश हिलाही बुडापेस्ट येथे मृत्युदंड देण्यात आला.

राज्यस्थापनेनंतर

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली. १९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यू व्यक्तीस तेथे स्थायिक होण्याचा अधिकार दिला, तर १९५२ च्या कायद्याने ज्यू एजन्सीचे स्थान निश्चित केले. आरंभीच्या वर्षांत दूतांचा भर संकटग्रस्त समाजांना बाहेर काढण्यावर होता. बगदादमध्ये जन्मलेले श्लोमो हिलेल यांचा इराकमधील ज्यूंच्या स्थलांतरात मोठा वाटा होता. १९५०–५१ मधील मोहिमेत तेथून सुमारे १ लाख २० हजार लोक विमानाने इस्रायलमध्ये आले. पुढे इथिओपियातील ज्यूंसाठी १९८४–८५ व १९९१ मध्ये मोहिमा झाल्या. मे १९९१ मधील मोहिमेत सुमारे दीड दिवसात १४ हजारांहून अधिक लोकांना हलवण्यात आले. १९८९ नंतर सोव्हिएत संघातून सुरू झालेल्या प्रचंड स्थलांतरातही श्लिखीमनी हिब्रूचे वर्ग, कागदपत्रांची छाननी व प्रवासाची व्यवस्था ही कामे केली.

अमेरिकेत परिस्थिती वेगळी होती. तेथील ज्यू समाज स्थिर व संपन्न होता आणि आपण निर्वासित आहोत ही कल्पना त्याला मान्य नव्हती. ऑगस्ट १९५० मध्ये पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन व अमेरिकन ज्यू समितीचे अध्यक्ष जेकब ब्लाउस्टाइन यांच्यात याविषयी समझोता झाला. अमेरिकेतील ज्यूंची राजकीय निष्ठा त्यांच्या स्वतःच्या देशाशीच असून इस्रायल त्यांच्या वतीने बोलत नाही, असे बेन-गुरियन यांनी स्पष्ट केले. त्यामुळे 'येथून चला' असे सांगणारा शालियाख अमेरिकेत अवघड स्थितीत सापडला. येथे राहूनही नाते ठेवता येते, असे सांगणारा शालियाख तेथे अधिक स्वीकारला गेला.

नातेसंबंधांवर भर

१९९० च्या दशकापासून हा दुसरा विचार प्रबळ होत गेला. नतान शारान्स्की २००९ मध्ये ज्यू एजन्सीचे अध्यक्ष झाल्यानंतर संस्थेने केवळ स्थलांतराऐवजी ज्यू अस्मिता व इस्रायलशी असलेले नाते दृढ करण्यास प्राधान्य दिले. स्वतः शारान्स्की यांनी सोव्हिएत तुरुंगात नऊ वर्षे काढली होती. आलियाचे काम बंद झाले नाही. मात्र ते अनेक उद्दिष्टांपैकी एक झाले.

प्रकार

• सामुदायिक शालियाख: एका शहरातील ज्यू समाजासाठी साधारणतः दोन ते तीन वर्षांकरिता नेमला जातो. तो बहुधा कुटुंबासह येतो. त्याच्या खर्चात स्थानिक समाजसंस्थाही वाटा उचलते.
• विद्यापीठातील प्रतिनिधी: सैनिकी सेवा व पदवी पूर्ण केलेले तरुण. ते विद्यार्थ्यांच्या 'हिलेल' या संघटनेबरोबर काम करतात.
• युवक चळवळींचे प्रतिनिधी: हबोनिम द्रोर, ब्ने अकिवा, हाशोमेर हात्साइर यांसारख्या चळवळी आपापल्या विचारसरणीचे प्रतिनिधी मागवतात.
• उन्हाळी शिबिरांचे प्रतिनिधी: उत्तर अमेरिकेतील शिबिरांत काही आठवड्यांसाठी जाणारे तरुण. संख्येने हा सर्वांत मोठा गट आहे.
• शिनशिनीम: सैन्यात दाखल होण्यापूर्वी एक वर्ष स्वयंसेवा करणारे साधारण अठरा वर्षांचे युवक-युवती. 'सेवावर्ष' या अर्थाच्या हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. ते बहुधा यजमान कुटुंबांच्या घरी राहतात.
• आलिया शालियाख: स्थलांतर करू इच्छिणाऱ्यांना पात्रता, कागदपत्रे, शिक्षण व रोजगार यांविषयी मार्गदर्शन करणारा.

कामाचे स्वरूप

दैनंदिन काम

शालियाखच्या कामाचा मोठा भाग शिक्षणाचा असतो. हिब्रूचे वर्ग घेणे, शाळेत इस्रायलमधील जीवनाविषयी बोलणे, चित्रपट व पुस्तकांवर चर्चा घडवणे, सण साजरे करणे ही त्याची नेहमीची कामे होत. वर्षातील सर्वांत नाजूक काळ वसंत ऋतूत येतो. इस्रायलमध्ये हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी भोंगा वाजताच रस्त्यावरील वाहने थांबतात व माणसे स्तब्ध उभी राहतात. त्याच दिवशी सूर्यास्ताला शोक संपून स्वातंत्र्यदिनाचा उत्सव सुरू होतो. ज्यांच्या घरातील कोणी सैन्यात गेलेले नाही, अशा दूरच्या समाजाला शोकातून आनंदाकडे होणारे हे संक्रमण परके वाटते. अशा वेळी शालियाख बहुधा व्याख्यान देत नाही. आपल्या वर्गातील किंवा तुकडीतील एखाद्या गमावलेल्या मित्राविषयी बोलतो.

जोडनगरे

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून ज्यू एजन्सीने इस्रायलमधील प्रदेश व परदेशातील ज्यू समाज यांच्या जोड्या लावण्याचा उपक्रम चालवला आहे. लॉस एंजेलिस व तेल अवीव, पिट्सबर्ग व कार्मिएल-मिसगाव, सॅन डिएगो व शाआर हानेगेव्ह या त्यांपैकी काही जोड्या होत. बॉस्टन व हैफा यांचे नाते त्याहीपूर्वीचे आहे. या रचनेत दोन्ही बाजूंस कर्मचारी व स्वयंसेवकांची समिती असते. निधी कशासाठी वापरायचा हे पूर्वी देणारा ठरवीत असे. येथे तो निर्णय दोघे मिळून घेतात.

दोन शाळांतील वर्ग एकाच विषयावर काम करतात आणि दूरसंवादाने एकमेकांना भेटतात. शिक्षक, डॉक्टर, कलावंत यांची शिष्टमंडळे जातात-येतात व शक्यतो हॉटेलात न राहता घरी उतरतात. कर्मचाऱ्यांचे काम येथे बरेचसे अदृश्य असते. वेळेतील फरक लक्षात घेऊन तास जुळवणे, आहारविषयक धर्मनियम पाळणाऱ्या पाहुण्यासाठी योग्य घर शोधणे, गैरसमज वेळीच मिटवणे या गोष्टींवर अशा नात्याचे आयुष्य अवलंबून असते.

भेट

अशा उपक्रमांत 'मिफगाश', म्हणजे भेट, ही संकल्पना महत्त्वाची आहे. १९९९ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'तग्लीत' योजनेत परदेशातील ज्यू तरुण सुमारे दहा दिवस इस्रायलमध्ये विनामूल्य प्रवास करतात. त्यांतील काही दिवस त्यांच्याच वयाचे इस्रायली तरुण, बहुधा सैनिक, त्यांच्या गटात सामील होतात. स्थळदर्शनापेक्षा या सहवासाचा परिणाम अधिक टिकतो, असे मानले जाते.

भेटीचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. इस्रायलमध्ये धर्म हा बहुधा सनातनी संस्थांच्या अधिकारातील विषय असल्याने अनेक निधर्मी इस्रायली त्यापासून दूर राहतात. सुधारणावादी व परंपरानिष्ठ पंथांची मंदिरे, स्त्री रब्बी, स्वेच्छेने जपलेला समाज यांची ओळख कित्येक श्लिखीमना प्रथम परदेशातच होते.

भारतातील कार्य

भारतातील ज्यू समाजांपैकी सर्वांत मोठा समाज कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल हा होय. बाहेरून आलेल्या शिक्षकांशी या समाजाची ओळख जुनी आहे. १९व्या शतकात कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी मुंबई व कोकणात हिब्रू प्रार्थना व विधी शिकवले. झायोनिस्ट चळवळीला मात्र आरंभी थंड प्रतिसाद मिळाला. १८९७ मधील पहिल्या झायोनिस्ट परिषदेत सहभागी होण्यास बेने इस्रायल समाजाने नकार दिला होता. सियोनला परतणे हे ईश्वरी इच्छेने घडावे, अशी त्यामागील भूमिका होती.

१९२० च्या सुमारास मुंबईत झायोनिस्ट संघटना स्थापन झाली आणि लवकरच चळवळीचे प्रतिनिधी इस्रायल कोहेन भारतात येऊन गेले. १९३६ मध्ये ज्यू एजन्सीने संस्कृतचे अभ्यासक इमॅन्युएल ओल्सवँगर यांना भारतीय नेत्यांशी संपर्क साधण्यासाठी पाठवले. त्यांनी महात्मा गांधी व जवाहरलाल नेहरू यांची भेट घेतली. राजकीयदृष्ट्या या भेटींतून फारसे साध्य झाले नाही. पुढे ओल्सवँगर यांनी भगवद्‌गीतेचे हिब्रू भाषांतर केले.

१९४८ नंतर मुंबईतून आलियाची व्यवस्था होऊ लागली व बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला जाऊ लागली. बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा नगरांत त्यांची वस्ती झाली. आरंभीचा अनुभव सर्वांसाठी सुखद नव्हता. हवामान, अनोळखी भाषा, कौशल्याशी न जुळणारे काम आणि वर्णावरून होणारा भेदभाव यांच्या तक्रारी होत्या. १९५१ मध्ये काही जणांनी तेल अवीव येथे ज्यू एजन्सीच्या कार्यालयासमोर धरणे धरून मायदेशी परत पाठवण्याची मागणी केली. १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना भारतात परत आणण्यात आले. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्याची इच्छा व्यक्त केली, ही बाब या प्रश्नाची गुंतागुंत दाखवते.

१९६० च्या दशकाच्या आरंभी याहून गंभीर पेच निर्माण झाला. बेने इस्रायल व्यक्तींच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा निर्देश इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने दिला. ज्यांना ज्यू म्हणून बोलावून आणले त्यांच्याच ज्यूपणाविषयी शंका घेतली गेल्याने इस्रायलमध्ये व मुंबईत तीव्र संताप उमटला. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि त्यानंतर निर्देशात बदल झाला.

एकेकाळी पंचवीस हजारांच्या आसपास असलेली भारतातील ज्यू लोकसंख्या आता पाच हजारांच्या आत आली आहे. भारतीय वंशाचे कित्येक हजार ज्यू आज इस्रायलमध्ये राहतात. त्यामुळे येथील नाते अनेकदा संस्थेपेक्षा नातलगांमार्फत टिकते. अलिबाग, रेवदंडा, पेण या परिसरातील पूर्वजांची गावे पाहण्यासाठी इस्रायलहून कुटुंबे येतात. इस्रायलमध्ये 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघाले आणि मलिदाचा विधी तेथेही केला जातो. आपल्या मुळांची ओळख करून घेण्यासाठी येथे प्रवास इस्रायलकडून भारताकडे होतो, हे या समाजाचे वैशिष्ट्य म्हणता येईल.

हबाद चळवळीचे दूत

हबाद-लुबाविच या हसीदी चळवळीच्या प्रतिनिधींनाही याच शब्दाने ओळखतात. मात्र त्यांचे कार्य वेगळे आहे. ते इस्रायलचे नव्हे, तर आपल्या धार्मिक चळवळीचे दूत असतात. बहुधा पती-पत्नी दोघेही या कामात असतात आणि नेमलेल्या ठिकाणी ते सामान्यतः कायमचे स्थायिक होतात. मुंबईतील नरिमन हाउस येथील केंद्र चालवणारे रब्बी गाव्रिएल होल्ट्झबर्ग व त्यांची पत्नी रिव्का हे असेच दूत होते. नोव्हेंबर २००८ मधील दहशतवादी हल्ल्यात त्या दोघांसह तेथे सहा जणांची हत्या झाली. त्यांचा लहान मुलगा मोशे याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी त्याला वाचवले.

टीका व आव्हाने

श्लिखूतवरील पहिला आक्षेप एकतर्फीपणाचा आहे. इस्रायल केंद्र आणि इतर सर्व परीघ, अशी दृष्टी त्यामागे असल्याचे डायस्पोरातील अनेक विचारवंत म्हणतात. जोडनगरांची रचना हा या आक्षेपावरील एक उपाय मानला जातो.

दुसरा प्रश्न प्रतिनिधित्वाचा आहे. शालियाख शासनाचा प्रवक्ता नसला तरी शासनाच्या निर्णयांविषयीचे प्रश्न त्यालाच विचारले जातात. जून २०१७ मध्ये पश्चिम भिंतीजवळ स्त्री-पुरुषांच्या एकत्र प्रार्थनेसाठी ठरलेली व्यवस्था इस्रायली मंत्रिमंडळाने स्थगित केली, तेव्हा उत्तर अमेरिकेतील समाजांत नाराजी पसरली आणि ज्यू एजन्सीनेही उघड निषेध नोंदवला. पॅलेस्टिनी प्रश्न, वसाहती व व्याप्त प्रदेश यांविषयी तरुण ज्यूंमध्ये तीव्र मतभेद आहेत. श्लिखीम केवळ अनुकूल बाजू मांडतात, अशी टीका काही गट करतात. मतभेदांसह देशाचे खरे चित्र मांडणारा शालियाखच विश्वास मिळवतो, असा विचार त्यामुळे पुढे आला आहे.

तिसरे आव्हान यजमान देशांच्या धोरणाचे आहे. जुलै २०२२ मध्ये रशियाच्या न्याय मंत्रालयाने ज्यू एजन्सीची तेथील शाखा विसर्जित करण्यासाठी न्यायालयात अर्ज केला.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर व गाझातील युद्धामुळे श्लिखीमचे काम अधिक कठीण झाले. सॅन डिएगोशी जोडलेल्या शाआर हानेगेव्ह प्रदेशातील वस्त्यांवर त्या दिवशी भीषण हल्ला झाला आणि प्रादेशिक परिषदेचे अध्यक्ष ओफिर लिबश्टाइन मारले गेले. अनेक वर्षांच्या देवाणघेवाणीमुळे दूरच्या समाजाला तेथील माणसे नावाने ठाऊक होती. दुसरीकडे गाझातील मोठ्या मनुष्यहानीमुळे विद्यापीठांत इस्रायलविरोधी आंदोलने झाली आणि ज्यू समाजातही वाद तीव्र झाले. स्वतःच्या घरच्यांची काळजी वाहत, शोकाकुल समाजाला धीर देत आणि संतप्त प्रश्नांना सामोरे जात काम करणे श्लिखीमच्या वाट्याला आले.

हेही पहा

• ज्यू एजन्सी
• आलिया
• परतीचा कायदा
• बेने इस्रायल
• झायोनिझम
• भारत–इस्रायल संबंध